यंदाचं वाचन मीच करणार

१८ फेब्रुवारी

दादास सप्रेम सलाम.

सोमवारी तुला फोन केला होता. दोन वाक्यं बोलले आणि लाईन गेली. पुन्हा लावायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. तसंही ते नवं यंत्र गळ्याला टेकवून बोलायचं म्हणजे एका हातात यंत्र, दुसऱ्यात रिसीव्हर. डोकं खाजलं तर तिसरा हात आणायचा कुठून?

तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. स्वरयंत्र काढून टाकलं त्याला दहा आठवडे झाले. आता श्वास नाकाने नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून घेते. त्यावर पातळ रुमाल बांधते. गरम चहावर फुंकर मारता येत नाही, हे मात्र डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं. आजार मुळापासून गेला म्हणतात. आवाज त्याच्याबरोबर गेला. यंत्रातून बोलले की रिकाम्या डब्यात भुंगा शिरल्यासारखं वाटतं, पण शब्द कळतात.

बावीस वर्षं बस स्थानकाच्या माईकवर बसले. आता मॅनेजरसाहेबांनी मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत टाकलंय. "तिथे तुम्हाला शांतता मिळेल," म्हणाले. मी वहीत लिहून दाखवलं, "मी शांतता मागितली नव्हती, साहेब." त्यांनी वही परत दिली आणि पंख्याकडे बघत बसले.

परवापासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. ईस्टरपर्यंत रोज सकाळी, खोलीचं शटर वर करण्याआधी, वीस मिनिटं प्रार्थना करायची असं ठरवलंय. ज्याने आवाज नेला त्याच्याशी कसलं बोलतेस, असं तू म्हणशील. मलाही त्याला नेमकं तेच विचारायचंय.

आणि दुसरं. एकोणीस वर्षं ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ मी वाचलाय. यंदाही मीच वाचणार. अजून कुणाला बोलले नाही. पहिलं तुला.

तुझी,
भोंगा

ता. क. दवाखान्यात पाठवलेल्या पत्रात तू "प्रिय भगिनी" लिहिलं होतंस. जन्मभर भोंगा म्हणत आलास. आवाज गेला म्हणून नाव बदलायचं काही कारण नाही.


२५ फेब्रुवारी

प्रिय भगिनी,

पत्र मिळालं. हो, लाईन गेली खरी. इकडे रस्त्याचं खोदकाम चालू आहे.

तू कामावर जायला लागलीस, बरं वाटलं. माझंही लिफ्टदुरुस्तीचं चाललंय. या महिन्यात अकरा लिफ्ट बंद पडल्या, पैकी सात तर लोकांनीच दारात पाय घालून बंद पाडल्या.

बाकी तुझ्या चाळीस दिवसांबद्दल. तू धाकटी आहेस, म्हणून स्पष्ट लिहितो. मी हे करून बसलोय. दोन वर्षांपूर्वी तुझी वहिनी आजारी होती तेव्हा याच दिवसांत मीही रोज गुडघे टेकले. एक दिवस चुकवला नाही. शुक्रवारी ती गेली, शनिवारी तिला पुरलं, आणि रविवारी, ईस्टरच्या पहाटे, सगळी मंडळी आनंदाची गाणी गात होती. मी फाटकाशी उभा होतो. कुणीतरी हात धरून आत न्यायला आलं, मी हात सोडवून घेतला. तेव्हापासून मी त्या दिवशी मुद्दाम ड्युटी मागून घेतो.

प्रार्थना म्हणजे शेवटी काय? जे होतं ते मुकाट्याने घ्यायचं आणि वर आभार मानायचे. तू असली नव्हतीस. शाळेत बाईंनी कान धरला तर तू बाईंचा हात धरायचीस. आता देवाने गळा धरला तर हात जोडून बसणार?

वाचनाचं डोक्यातून काढ. लोक बघतील, कुजबुजतील. तब्येत सांभाळ.

दादा


१० मार्च

दादा,

मुकाट्याने? माझ्याकडे दुसरा काही मार्गच नाही रे, मी मुकीच आहे! पण माझी प्रार्थना तू ऐकली असतीस तर कानात बोटं घातली असतीस.

पहिले पंधरा दिवस मी फक्त भांडले. खोलीत एक स्टूल आहे, त्यावर बसायचं, डोळे मिटायचे आणि मनात सुरू. हाच अवयव सापडला का तुला? माझे गुडघे तसेही दुखतात, ते न्यायचे होते. ज्या बाईला दुसरं काही येत नाही तिचा आवाज नेलास, आणि जे दिवसभर खोटं बोलतात त्यांचे गळे ठणठणीत. वीस मिनिटं पुरायची नाहीत. उठताना आमेनसुद्धा रागाने म्हणायची.

सोळाव्या दिवशी भांडण संपलं. म्हणजे समेट झाला नाही, माझ्याजवळचे शब्द संपले. नुसतीच बसून राहिले. समोर फडताळ. त्यावर छत्र्या, एकाच पायाचे तीन बूट, दातांची कवळी, कुणाच्यातरी लग्नाचा फोटो. स्वतःसाठी काही मागवेना, म्हणून म्हटलं या लोकांसाठी मागू. कवळीच्या मालकाला आज मऊ काहीतरी खायला मिळू दे. फोटोतली दोघं अजून एकमेकांशी बोलत असू देत. असं करत करत कोपऱ्यातल्या कुबडीपाशी आले. एकच कुबडी, लाकडी, वापरून झिजलेली. आणि माझ्या मनात आलं, हा माणूस कुबडी विसरून बसमधून उतरला तो चालत गेला की काय? आणि गेला असेल तर देवाला सांगायला विसरला का?

दादा, मला हसू फुटलं. आवाज नाही, पण गळ्याच्या भोकातून किटलीसारखी शिट्टी वाजायला लागली. ती ऐकून आणखी हसू. रुमाल उडाला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले मी, आणि पोट दुखेपर्यंत.

हसून झाल्यावर जे झालं ते नीट सांगता येत नाही. दिव्य वगैरे काही नाही. एवढंच, की डिसेंबरपासून मुठी आवळून बसले होते आणि त्या आता उघड्या मांडीवर पडल्या होत्या. खोलीत कुणीतरी आहे आणि त्याला माझ्या भांडणाचा राग आलेला नाही, असं वाटलं. उलट तो वाट बघत होता, माझं संपेपर्यंत. त्या दिवशी दिवसभर मी कारण नसताना खूश होते. मॅनेजरसाहेब दोनदा येऊन बघून गेले.

रोज असं होत नाही. काल पुन्हा भांडले. पण तू म्हणतोस तशी वाकून नाही गेले. ताठच झालेय. कालच चर्चच्या पाळकसाहेबांना लेखी दिलं की यंदाचं वाचन मीच करणार.

भोंगा


१५ मार्च

प्रिय भगिनी,

तू हसलीस हे वाचून बरं वाटलं. तीनदा वाचलं.

वाचनाबद्दल चर्चची कमिटी काय ते ठरवेल, तू जास्त ताणू नकोस. ते लोक तुझा मान राखतील असं मला वाटतं. सध्या एवढंच.

दादा


२० मार्च

दादा,

"ते लोक तुझा मान राखतील असं मला वाटतं." तुला वाटत नव्हतं. तुला माहीत होतं!

आज उपासनेनंतर कमिटीने बोलावलं. चिटणीस, आपले निवृत्त हेडमास्तर, फार प्रेमाने बोलले. म्हणाले, तुमच्या सेवेची आम्हाला कदर आहे. ईस्टरला वाचन तुमचंच होईल. आणि टेबलावर एक कॅसेट ठेवली. वर वहिनीच्या अक्षरात माझं नाव आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख. "वाचनाच्या वेळी ही लावू. तुम्ही पुढच्या बाकावर बसा. मंडळींना तुमचा गोड आवाज पुन्हा ऐकायला मिळेल. तुमच्या बंधूंनीच पाठवलीय."

मी यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि म्हटलं, "गेलेल्या माणसाची टेप लावतात. मी इथे खुर्चीवर बसलेय."

हेडमास्तर म्हणाले, "तसं नाही, पण लहान मुलं घाबरतील."

मी म्हटलं, "दर रविवारी वधस्तंभाखाली बसतात, खिळ्यांच्या गोष्टी ऐकतात, तेव्हा घाबरत नाहीत. माझ्या गळ्याला घाबरतील? आणि दिवस कुठला निवडलात? ज्या दिवशी थडगं रिकामं झालं, त्याच दिवशी तुम्ही मला पुरताय."

पाळकसाहेब खाली बघत होते. मी कॅसेट उचलली, पर्समध्ये टाकली आणि घरी आले. आता ती माझ्यासमोर आहे. मी ऐकणार नाही.

हेडमास्तरांचा मला राग नाही, ते परके आहेत. तू मला न विचारता माझा मेलेला आवाज त्यांच्या हाती दिलास. का? उत्तर द्यायचं असेल तर खरं दे. नाहीतर पोस्टाचं तिकीट वाचव.

बहीण


२४ मार्च

प्रिय भोंगा,

खरं लिहितो.

लाईन गेली नव्हती. मी फोन ठेवला.

घंटी वाजली, मी उचलला, आणि पलीकडून तो भुणभुणणारा आवाज "दादा" म्हणाला. मला वाटलं, हे कुणीतरी माझ्या बहिणीचं नाव घेऊन बोलतंय. तू पुढे "कसा आहेस" म्हणालीस, आणि मी ठेवला. मग जिन्यावर जाऊन बसलो. खोदकाम वगैरे काही नाही, रस्ता गुळगुळीत आहे.

ती कॅसेट तुझी वहिनी दवाखान्यात ऐकायची. शेवटच्या आठवड्यात तिला माझं बोलणंही नको व्हायचं, पण तुझं वाचन लागायचं. ती गेल्यावर मी पवित्र शास्त्र माळ्यावर टाकलं, गाण्यांचं पुस्तक देऊन टाकलं, पण कॅसेट ठेवली. अधूनमधून लावायचो. तू काय वाचतेस तिकडे लक्ष नसायचं, नुसता आवाज. तुम्ही दोघी त्यात होतात.

तुझ्या वाचनाची जुनी टेप आहे का, असं हेडमास्तरांनी पत्र लिहून विचारलं तेव्हा मला खरंच वाटलं, सगळ्यांनी तो आवाज ऐकावा. तुझा मान वगैरे नंतर सुचलं. मला तो आवाज परत हवा होता आणि त्यासाठी तू गप्प बसलेली मला चालणार होतीस. हे लिहिताना लाज वाटते.

तुला पत्र लिहून मी प्रार्थनेचे तोटे शिकवत होतो, आणि इकडे तुझा आवाज मेला असं समजून त्याचा दिवस घालत बसलो होतो.

माफ कर असं म्हणत नाही. तू करायची तेव्हा कर. पण वाच. त्यांनी दार लावलं तर खिडकीतून वाच.

दादा


२८ मार्च

दादा,

फोन ठेवलास ते मला त्याच दिवशी कळलं होतं. लाईन जाते तेव्हाचा आवाज वेगळा. बावीस वर्षं तारांशी संसार केलाय मी. तुला तोंड लपवायला जागा मिळावी म्हणून लिहिलं लाईन गेली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी संतापलेलीच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर बसले आणि तुझ्याबद्दल देवाकडे चांगली लांबलचक तक्रार केली. अर्ध्यावर आले आणि अडखळले. तू जिन्यावर बसलेला दिसायला लागलास. पुढे तक्रार जुळेना. तेव्हा समज की माफ झालंय, पण व्याज म्हणून दर आठवड्याला पत्र हवं.

इकडचं ऐक. काल ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार झाला. उपासना सुटल्यावर पाळकसाहेब फाटकापाशी आले. तरुण आहेत बिचारे, कमिटीला घाबरतात. म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. वाचन तुम्हीच करा. हेडमास्तर राजीनाम्याची भाषा करतायत." मी म्हटलं, "त्यांना सांगा, राजीनामा लेखी द्या. मीही लेखीच दिलं होतं."

या शेवटच्या आठवड्यात भीती वाटायला हवी होती. वाटत नाही. सकाळी बसते तेव्हा मन अगदी निवांत असतं, दिवसभराच्या बस सुटून गेल्यावर स्थानक असतं तसं. वाचन चांगलं होऊ दे असंही मागत नाही. होईल तसं होईल. मी उभी राहणार, एवढं पक्कं.

तू त्या दिवशी ड्युटीवर असशील. अस. तुझी जागा मी धरून ठेवणार नाही, तू ओढून आणायचा माणूस नाहीस.

भोंगा


४ एप्रिल

दादा,

वाचलं!

काल उजाडायच्या सुमारास देऊळ भरलं होतं. बातमी फिरली होती, त्यामुळे जे वर्षात दोनदा येतात तेही आले होते. हेडमास्तर पहिल्या बाकावर, हाताची घडी. माझं नाव पुकारलं. मी चढले, पुस्तक उघडलं, यंत्र लावलं. पहिलं वाक्य गेलं तसे मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, ही कशी बोलते?" आई तिला गप्प करायला लागली. मी थांबले आणि यंत्रातूनच तिला म्हटलं, "अशी." आणि पुढे वाचायला लागले.

मधे एकदा माझा हात घामाने घसरला. यंत्र जागचं हललं आणि अर्ध्या वाक्यात आवाज गेला. ओठ हलतायत आणि काही ऐकू येत नाही. तेवढ्यात मला दिसलं की पुढच्या दोन रांगा माझ्याबरोबर ओठ हलवतायत. त्यांना तो पाठ येतच होता, दरवर्षी ऐकून. मी जागा शोधून पुन्हा लावेपर्यंत ते वाक्य त्यांनी पुरं केलं, हळू आवाजात. कुणी सांगितलं नव्हतं.

मग मला आनंद झाला. कसा सांगू! जिंकले म्हणून नाही. ज्याच्याशी सहा आठवडे कडाकडा भांडले तोच सगळ्यांच्या तोंडून माझ्याबरोबर वाचतोय असं वाटलं. शेवटच्या चार ओळी मी इतक्या जोरात वाचल्या की यंत्र करकरलं. ज्यांना कानाला त्रास झाला असेल त्यांना झाला.

नंतर बाहेर आमची म्हातारी सुईणबाई काठी टेकत आली. तिला धड ऐकू येत नाही. म्हणाली, "पोरी, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला सगळं कळलं. आधी तू असं वाचायचीस की जणू बस सुटतेय!" मी पुन्हा किटलीसारखी वाजले.

हेडमास्तर तडक निघून गेले. जाऊ देत. पुढच्या वर्षीही मीच आहे.

तू कुठे होतास? लिही.

भोंगा


९ एप्रिल

प्रिय भोंगा,

तुझं पत्र टपालातून आलं तेव्हा दारातच उभं राहून वाचलं. पायात बूट तसेच.

मी कुठे होतो विचारतेस. ड्युटीवर होतो, मागून घेतलेल्या. सकाळी सातला फोन आला, सहा मजली इमारत, लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे अडकलीय, आत एक बाई. कंट्रोल पॅनल जळालं होतं. अशा वेळी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन एका हाताने ब्रेकचा दांडा ओढून धरायचा आणि दुसऱ्याने चाक फिरवत लिफ्ट हळूहळू मजल्याला आणायची. बोटभर बोटभर सरकते.

दोर जातात त्या फटीतून खाली हाक मारली, "बाई, घाबरू नका." खालून आवाज आला, "घाबरले नाही, पण माझी उपासना चुकणार. ईस्टर आहे आज."

मी म्हटलं, "एक वर्ष चुकली तर काय बिघडतं?"

"मग इथेच करते," बाई म्हणाल्या, आणि खरंच सुरू झाल्या. गायल्या, अगदी बेसूर. त्या पोकळीत तो आवाज घुमून वर माझ्या पायाशी यायचा. मग प्रार्थना. आधी आपल्या मुलांसाठी, शेजाऱ्यांसाठी, आणि मग म्हणाल्या, "वर जो माणूस माझ्यासाठी राबतोय, त्याचं नाव मला माहीत नाही. त्याचं जे दुखत असेल ते तू बघ."

माझा हात चाकावरच थांबला. आणि मी मोठ्याने बोललो, "तू माझं ऐकलं नाहीस."

खालून आवाज, "काय म्हणालात?"

मी म्हटलं, "तुम्हाला नाही."

मग बाई म्हणाल्या, "मग ठीक आहे. चालू द्या."

आणि मी चालू दिलं, भोंगा. चाक फिरवत होतो आणि बोलत होतो. दोन वर्षांचं. शुक्रवारचं, शनिवारचं, फाटकाचं, तिच्या औषधांच्या बाटल्यांचं, सगळं. शिव्याही घातल्या असतील. खाली बाई मुद्दाम मोठ्याने गात होत्या, त्यांना ऐकू जातंय असं मला वाटू नये म्हणून, की खरंच त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, देव जाणे. लिफ्ट मजल्याला लागली तेव्हा शर्ट ओला होता आणि छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. राग तसाच आहे. तो गेला असं मी म्हणणार नाही, आणि तू म्हणवून घेऊ नकोस. पण मन शांत होतं. राग असताना शांत राहता येतं, हे मला माहीत नव्हतं.

दार उघडलं. एवढीशी बाई, ठेवणीतले कपडे, हातात गाण्यांचं पुस्तक. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, "चला, स्कूटरवर सोडतो." म्हणाल्या, "आता संपली असेल." मी म्हटलं, "चला तरी."

संपलीच होती. देवळात एकटा झाडूवाला बाकांखालची फुलं गोळा करत होता. बाई पुढे जाऊन बसल्या. मी शेवटच्या बाकावर टेकलो, दोन वर्षांनी. झाडूवाला माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "उपासना झाली हो साहेब, घरी जा आता."

मी म्हटलं, "तुम्ही झाडा. माझं अजून बोलून व्हायचंय."

दादा